फाटकासमोरच्या खाणावळीतून, पथ्याच्या कागदाबद्दल

मा. वैद्यकीय अधीक्षक, सर्व डॉक्टर, आहारतज्ज्ञ आणि परिचारिका,
आमच्या तालुक्याचे रुग्णालय, यांस



आपल्या रुग्णालयाच्या फाटकासमोर माझी खाणावळ आहे. पेशंटसोबत आलेली माणसे, बाहेरगावचे शिकाऊ डॉक्टर, रात्रपाळी करून आलेल्या सिस्टर, सगळे इथे जेवतात. सुट्टी मिळाली की नातेवाईक औषधांच्या पिशवीतून एक छापील कागद काढतात आणि माझ्यापुढे धरतात. "मावशी, यातलं आपल्याकडं काय मिळतं बघा बरं." या प्रश्नाचे उत्तर खरे तर आपण द्यायचे. मी परभणीच्या कृषी विद्यापीठात गृहविज्ञान शिकले आणि नोकरीऐवजी चूल धरली. तेव्हा हे पत्र खाणावळवालीचे समजा की शिकलेल्या बाईचे, मला दोन्ही चालेल.

आपण इथे किती गर्दी झेलता ते मी रोज बघते. एका डॉक्टरच्या दारात सकाळी लागलेली रांग दुपारी माझ्या दारात येते, म्हणून मला तिची लांबी माहीत आहे. आपल्या औषधांबद्दल माझे काही म्हणणे नाही. म्हणणे आहे ते औषधांसोबत मिळणाऱ्या त्या पथ्याच्या कागदाबद्दल.

काय आहे त्यात? सकाळी उठल्यावर ग्रीन टी. आठ वाजता ओट्स आणि साय काढलेले दूध. साडेदहाला एक सफरचंद. दुपारी दोन फुलके, ब्राउन राइस आणि ऑलिव्ह तेल घातलेले ब्रोकोलीचे सॅलड. पाचला भाजलेले मखाणे. रात्री सूप. मधुमेहाला हाच, रक्तदाबाला हाच, गुडघेदुखीला वजन उतरवायचे असेल तरी हाच. आमच्या आठवडी बाजारात ब्रोकोली घेऊन बसलेली बाई मी अजून पाहिलेली नाही. कागदाच्या मागच्या बाजूला प्रोटीन पावडरीच्या डब्याची रंगीत जाहिरात आहे, त्यामुळे तो कुठून आला असेल याचा अंदाज बांधता येतो. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने मे 2024 मध्ये भारतीयांसाठी आहाराची मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली. त्यात प्रोटीन पावडरीच्या वाटेला जाऊ नका, असे स्पष्ट म्हटले आहे. देशाची सर्वोच्च संस्था नको म्हणते आणि आपला कागद पाठीवर त्या पावडरीचीच जाहिरात मिरवतो; तो निदान एकदा उलटून बघावा.

या कागदाचे लोक काय करतात तेही सांगते. ज्याच्याकडे पैसे आहेत तो आठवडाभर ओट्स आणतो, मग घरातली पोरे ते दूध-साखर घालून संपवतात. ज्याच्याकडे नाहीत तो घडी घालून कागद फाइलमध्ये ठेवतो आणि "पथ्य आपल्याला परवडणारं नाही" असे ठरवून मोकळा होतो. दुसरे जास्त वाईट. पथ्य ही श्रीमंतांची गोष्ट आहे अशी त्याची समजूत रुग्णालयाच्या शिक्क्यानिशी पक्की होते.

खरे तर आमच्या ताटात पुष्कळ काही आहे. ज्वारीची भाकरी, वरण नाहीतर पिठले, एखादी भाजी, आणि जवसाची, कारळाची, तिळाची किंवा शेंगदाण्याची चटणी. पावसाळ्यात तांदुळजा, पाथरी, कुर्डू, घोळ. हिवाळ्यात चाकवत, अंबाडी. शेवगा तर जवळजवळ बारा महिने. सफरचंदाच्या जागी पेरू लिहिला असता तर तो स्वस्तही पडला असता आणि क जीवनसत्त्व कितीतरी पटींनी जास्त मिळाले असते. या ताटात दोष नाहीत असे मी म्हणत नाही. भाकरी तीन आणि भाजी पळीभर, हा दोष आहे. वरणात डाळ शोधावी लागते, हा दोष आहे. तर्रीशिवाय कालवण गळ्याखाली उतरत नाही, हा तर माझ्या धंद्याचाच दोष आहे. पण हे दोष दुरुस्त करता येतात. भाकरी दोन करा, डाळ घट्ट करा, भाजीची वाटी मोठी घ्या, तेलाचे माप महिन्याच्या पिपावरून ठरवा: हे कुणीही ऐकेल, कारण यात नवीन काही विकत आणायचे नाही. ब्रोकोलीने मात्र काहीच दुरुस्त होत नाही.

उलट टोकाचा गोंधळही आपल्याकडूनच सुटायला हवा. 2023 हे आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष झाले तेव्हापासून ज्वारीला औषधाचा मान आला आहे. "ज्वारी शुगरला चालते" एवढेच वाक्य लोकांच्या कानात राहिले, आणि "भात बंद" ऐकून आलेला माणूस भाताऐवजी चौथी भाकरी मागतो. शंभर ग्रॅम ज्वारीत सत्तर ग्रॅमच्या आसपास कर्बोदके असतात. तंतू आहेत, साखर भातापेक्षा सावकाश चढते, हे कबूल. पण चार भाकरी म्हणजे चार भाकरीच. हे मी सांगितले की गिऱ्हाईक म्हणते, मावशीला भाकरी वाढायचा कंटाळा आलाय. आपण सांगितलेत तर ऐकतील.

आणि "भात बंद" म्हणताना रेशनचे काय, याचाही विचार व्हावा. 2013 च्या अन्नसुरक्षा कायद्याने माणशी महिन्याला पाच किलो धान्य मिळते, जानेवारी 2023 पासून ते फुकट आहे, आणि पिशवीत पडतात ते मुख्यतः गहू आणि तांदूळ. कायद्यात भरडधान्यही लिहिलेले आहे, पण आमच्या दुकानात ज्वारी क्वचितच दिसते. शेतातली ज्वारी सोयाबीनने खाल्ली. काढणीला माणसे मिळत नाहीत, पाखरे राखायला पोरे नाहीत, भाव बेभरवशाचा. करडईचेही तेच झाले आणि घाण्याच्या तेलाच्या जागी पाकिटातले सोयाबीनचे किंवा पामचे तेल आले. पूर्वी घरची असलेली ज्वारी आता मजुराला विकत घ्यावी लागते. त्याला तुम्ही भात पूर्ण सोडा म्हणालात तर तो एक तर उपाशी राहील किंवा तुम्हाला खोटे सांगेल. मुगाची किंवा तुरीची डाळ भरपूर घालून, भाजी टाकून, एक वाटीच भात कसा खायचा, हे सांगितलेत तर त्याच्या घरात ते त्या रात्रीच होईल.

त्याच तांदळाची आणखी एक गोष्ट. रेशनच्या तांदळात गेल्या काही वर्षांत शंभरात एक या प्रमाणात लोह, फॉलिक ॲसिड आणि बी-12 घातलेले दाणे मिसळले गेले. ते तांदळाच्याच पिठापासून बनवतात, पण रंगाने आणि वजनाने जरा वेगळे दिसतात आणि पाण्यावर तरंगतात. बायका त्याला प्लास्टिकचा तांदूळ म्हणतात आणि निवडून कोंबड्यांना टाकतात. ज्यांच्या रक्तासाठी तो दाणा घातला त्यांच्या पोटात तो जातच नाही. आपल्या बाह्यरुग्ण विभागाच्या भिंतीवर इतकी चित्रे आहेत, तिथे या दाण्याचे एक चित्र लावायला काय हरकत आहे?

रक्तावरून आठवले. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत, 2019 ते 2021 या काळात, महाराष्ट्रातल्या 15 ते 49 वयाच्या बायकांपैकी 54.2 टक्के पंडुरोगी निघाल्या. आधीच्या फेरीत हा आकडा 48 होता. म्हणजे गोळ्या वाटून, दिवस साजरे करून आकडा वर गेला. आपल्याकडे येणाऱ्या बाईला काय सांगतात? बीट खा, डाळिंब खा. दोन्ही लाल, म्हणून रक्त वाढेल असा हिशेब असावा. लोहाच्या बाबतीत दोन्ही अगदी मामुली आहेत. बाजरी, अळीव, हिरव्या पालेभाज्या, मटकी, आणि खात असतील त्यांना मटण, कलेजी, सुकट, हे सांगायला हवे. परभणीच्या विद्यापीठाने 2018 मध्ये लोह आणि जस्त जास्त असलेली 'परभणी शक्ती' ही ज्वारी दिली, 'धनशक्ती' बाजरी त्याच्याही आधीची आहे. ही नावे कृषी सहाय्यकाला ठाऊक असतात, पण दवाखान्यात कुणाच्या तोंडी येत नाहीत. मुख्य म्हणजे जेवणाबरोबरचा आणि जेवणावरचा चहा तोडायला सांगा, कारण अन्नातले लोह तो अंगी लागू देत नाही. पालेभाजीवर लिंबू पिळायला सांगा. गरोदर बाईला लोहाची लाल गोळी आणि कॅल्शियमची गोळी एका वेळी घेऊ नको, मध्ये काही तास जाऊ दे, हे तिला समजेल असे दोनदा सांगा. बऱ्याचजणी "दोनदा झंझट नको" म्हणून दोन्ही एकदम गिळतात, तेही चहाबरोबर.

आता ज्या गोष्टीचा मला सर्वांत जास्त राग येतो ती. सल्ला खुर्चीवर बसलेल्याला दिला जातो आणि स्वयंपाक करणारी दाराबाहेर चपलांजवळ उभी असते. शुगर निघाली नवऱ्याला, कागद मिळाला नवऱ्याला. घरी गेल्यावर तो सांगणार, "डॉक्टरांनी तेल कमी घालायला सांगितलंय," आणि पहिल्याच दिवशी भाजी मिळमिळीत झाली म्हणून ताट सरकवणार. तिला आत बोलवा. किती माणसांचा स्वयंपाक करतेस, तेलाची पिशवी किती दिवस पुरते, कामाला किती वाजता जातेस, हे तीन प्रश्न विचारायला दोन मिनिटे लागतात. आणि पेशंट तीच असेल तर चौथाही विचारा: तू कधी जेवतेस? सगळ्यांचे झाल्यावर भांड्यात उरेल ते, हे उत्तर आले की तुमचा साडेदहाचा आणि पाचचा रकाना आपोआप गळून पडेल.

ऊसतोडीच्या माणसांना तर या वेळा निव्वळ थट्टा वाटतात. आमच्या भागातून दसरा-दिवाळीनंतर गाड्या भरून माणसे पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात आणि उन्हाळ्याच्या तोंडावर परततात. पहाटे उठून भाकरी थापायची, फडकीत बांधायची, फडात जायचे. त्यांच्यातही आता शुगरवाले, बीपीवाले आहेत. जाण्याआधी ते तुमच्याकडे गोळ्या घ्यायला येतात, त्या आठवड्यात त्यांच्यासाठी वेगळी पाच मिनिटे काढा. बांधून नेलेल्या भाकरीबरोबर काय न्यायचे, गोळी भाकरीआधी की नंतर, फडात चक्कर आली तर काय तोंडात टाकायचे.

त्यांना दिलेल्या कागदावर "वजन कमी करा" हेही छापलेले असते. मुळात हडकलेला माणूस तो कागद वाचतो आणि हसतो. आपल्याकडची शुगर जाड्यांनाच होते असे नाही, हे जगाला दाखवून दिले ते मराठी मुलखातल्या अभ्यासाने. पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी 1990 च्या दशकात पुण्याजवळच्या सहा गावांत गरोदर बायका आणि त्यांची बाळे यांचा अभ्यास सुरू केला. बाळे वजनाने इंग्लंडच्या बाळांहून बरीच लहान भरली, पण त्यांच्या अंगातली चरबी त्या मानाने कमी नव्हती. कमी होते ते मांस. पुढे 2004 मध्ये 'लॅन्सेट'मध्ये याज्ञिक आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन यांचा शेजारी-शेजारी फोटो छापून आला. उंची-वजनाचे गुणोत्तर दोघांचेही 22.3. अंगातली चरबी मात्र युडकिन यांची 9.1 टक्के, याज्ञिक यांची 21.2. आपल्या शिबिरात उंची-वजन मोजून "नॉर्मल" असा शिक्का मिळालेला माणूस निर्धास्त घरी जातो, तेव्हा मला हा फोटो आठवतो. कमरेला टेप लावायला फारसा वेळ लागत नाही. आणि हडकलेल्याला कमी खा म्हणण्याऐवजी डाळ, अंडे, दूध, मासळी वाढव म्हणायला हवे.

उपवास. या एका विषयावर आपला कागद पूर्ण गप्प आहे, जणू आपले पेशंट वर्षाचे सगळे दिवस सारखे जेवतात. महिन्याच्या दोन एकादश्या, संकष्टी, कुणाचा सोमवार, कुणाचा गुरुवार, मग श्रावण, मग नवरात्र. त्या दिवशी माझ्याकडे साबुदाण्याची खिचडी, बटाट्याची भाजी आणि वेफर्स संपता संपत नाहीत. साबुदाणा म्हणजे कंदाचा निव्वळ स्टार्च, वर शेंगदाण्याचा कूट आणि तूप. शुगरवाला माणूस तो ताट भरून खातो आणि देवाला स्मरून खातो. दुसरी तऱ्हा त्याहून धोक्याची: सकाळी ग्लिमेपिराइड घ्यायची आणि संध्याकाळपर्यंत चहावर राहायचे. दुपारी घाम फुटतो, हात थरथरतात, डोळ्यांपुढे अंधारी येते. घरचे म्हणतात, उपास बाधला. तिसरी तऱ्हा, उपासाला गोळी कशी घ्यायची म्हणून गोळीच सोडायची. यावर आपल्याकडचे उत्तर ठरलेले: "उपवास करू नका." त्याचा परिणाम एवढाच होतो की पुढच्या वेळी म्हातारी उपवास करते आणि तुम्हाला सांगत नाही. तिला विचारा, आजी, कोणते उपास धरता? मग त्या दिवशीची गोळी कधी आणि किती, इन्शुलिनचे काय, भगर-आमटी किती, राजगिरा, दही, शेंगदाणे, काकडी यांतले काय, ते लिहून द्या. रमजानचेही तसेच. महिना लागण्याआधीच भेटून सहेरी-इफ्तारच्या हिशेबाने औषधाचे डोस बदलायचे असतात, हे डॉक्टरांना ठाऊक आहे. माझ्या शेजारच्या बेकरीवाल्या चाचांना ते अजून कुणी सांगितलेले नाही.

मिठाबद्दल थोडक्यात. दिवसाला पाच ग्रॅमच्या आत म्हणजे सपाट एक चहाचा चमचा, सगळे मिळून. आपण "मीठ कमी" एवढेच म्हणता. मग घरी भाजी अळणी होते आणि पेशंट तिच्याबरोबर लोणचे दुप्पट घेतो. भाकरीत आमच्याकडे मीठ नसतेच. मीठ आहे ते लोणच्यात, पापडात, ठेच्यात, फरसाणात, खारीत आणि चहासोबतच्या बिस्किटातसुद्धा. ती नावे घेऊन सांगा. सैंधव खाल्ले की बीपी वाढत नाही, ही समजूत तर पार वॉर्डांत पसरली आहे. तेही मीठच, आणि आयोडीन नसलेले असण्याची शक्यता जास्त. पोटॅशियमचे मीठ मूत्रपिंडाच्या पेशंटने आपल्या मनाने घ्यायचे नसते, हे दुकानदार सांगत नाही.

आणि आता जरा आपल्या अंगणातले. रुग्णालयाच्या कॅन्टीनमध्ये "जंक फूड टाळा" असा फलक आहे. त्याच्या खाली वडापाव, समोसा, क्रीमची बिस्किटे आणि शीतपेयांचा फ्रीज. पोषण महिन्याच्या कार्यक्रमात गाजराची फुले कोरलेली थाळी मांडतात, फोटो होतात, आणि पाहुण्यांना पेढा-समोसा मिळतो. अन्नसुरक्षा प्राधिकरणाची 'ईट राईट कॅम्पस' नावाची योजना रुग्णालयांनाही लागू आहे, तिच्यात नाव तरी घाला. ते लांबचे वाटत असेल तर कॅन्टीनमध्ये उकडलेली अंडी, चणे-फुटाणे, केळी, ताक आणि भाकरी-पिठले एवढे ठेवले तरी चालेल. माझा धंदा बुडेल, ते मी बघून घेईन. आपल्यातलेच काही डॉक्टर "मावशी, ठेचा वाढा" म्हणतात आणि मी वाढते, त्यात मला काही गैर वाटत नाही. फक्त ठेचा वाढून घेतलेल्या तोंडाने पेशंटला "तुम्ही लोक ऐकतच नाही" म्हणू नये, एवढीच विनंती.

कारण लोक ऐकतात हो. ऐकणे हीच तर त्यांची अडचण आहे. दिवसातून दोनदाच जेवा असे एक डॉक्टर सांगतात, दर दोन तासांनी थोडे खा असे दुसऱ्या तज्ज्ञ सांगतात. "दीक्षित की दिवेकर" हा त्या दोघांवरचा वाद आमच्या एसटीतही रंगला होता. शेवटी फोनवर आलेला शेवटचा व्हिडिओ जिंकतो. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या (आयसीएमआर) पाहणीनुसार देशात 10.1 कोटी माणसांना मधुमेह आहे, हा आकडा 2023 मध्ये आला. एवढ्या माणसांना आहारतज्ज्ञ पुरणार नाहीत, मला कळते. म्हणूनच कागद महत्त्वाचा. आहारतज्ज्ञ जिथे पोचत नाही तिथे तो पोचतो.

तर तो नव्याने लिहा. ग्रॅमऐवजी वाटी, पळी, मूठ आणि भाकरीचा आकार घाला. वाचता न येणाऱ्यांसाठी चित्रे काढा. मागची बाजू जाहिरातीला न देता उपवासाला द्या. आशाताईंना छापायच्या आधी दाखवा, कारण घरोघरी त्यांनाच तो समजावून सांगायचा आहे. आमच्याकडे बाजार गुरुवारी भरतो आणि दुपारी तीननंतर माझी टेबले रिकामी असतात. पालेभाज्या, डाळी, चटण्या मी मांडून ठेवते, मोजायला वाट्या आहेत, दोघी-तिघी आशाताई येतो म्हणाल्या आहेत. आपल्या आहारतज्ज्ञ बाईंनी यावे. ऑलिव्ह तेलाची बाटली मात्र त्यांनीच आणावी, गिऱ्हाइकांना तिच्यावरची किंमत दाखवायची आहे.



आपली नम्र,
रुग्णालयाच्या फाटकासमोरची खाणावळवाली